किनाऱ्यावरचं उचंत खातं

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आधी एक खुलासा करतो. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'पक्षितज्ज्ञ' असं छापलंय. ते खोडून 'नवशिका' असं वाचावं. आयुष्याची चौतीस वर्षं मी बँकेत काढली, दुसऱ्यांच्या वह्या तपासत. पक्षी बघायला लागून जेमतेम तीन वर्षं होतायत. चिटणीसांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "काका, तज्ज्ञ दरवर्षी येतात. चुका केलेला माणूस बोलला तर लोक ऐकतील." तेव्हा आज मी चुकांवरच बोलणार आहे.

सुरुवात अशी झाली. २०२२ मध्ये निवृत्त झालो. पहिले दोन महिने सकाळी कमाटी बागेत फिरलो, दुपारी झोपलो आणि संध्याकाळी घरातल्या कामांत सल्ले दिले. तिसऱ्या महिन्यात सुनेनं एक दुर्बीण आणून दिली. आमच्या सौ. म्हणाल्या, "बरं झालं. आता जरा लांबचं बघतील."

दुर्बिणीवर आठ गुणिले बेचाळीस असे आकडे होते. आठ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवशिक्याला हीच पुरते. दहापट घेतली की हात थोडा थरथरला तरी समोरचं सगळं नाचायला लागतं, आणि साठीनंतर हात थोडा थरथरतोच. पण मला पहिला आठवडाभर दुर्बिणीतून फक्त पानं दिसली. पक्षी फांदीवर दिसायचा, मी मान खाली घालून दुर्बीण शोधायचो, डोळ्याला लावायचो आणि झाडभर फिरवत बसायचो. कुणीतरी मग युक्ती सांगितली: पक्ष्यावरची नजर काढायचीच नाही, दुर्बीण डोळ्यांपाशी वर आणायची. एवढं जमलं की निम्मं काम झालं.

पहिली सहल अर्थातच वढवाणा. डभोईजवळचा हा तलाव आपल्या सयाजीरावांनी १९१० च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधून घेतला. २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, त्याचं नाव गेलं. आपण लहानपणी सहलीला तिथे जायचो ते वांगी-भात खायला. पाण्यावर काय बसलंय हे मी तरी कधी पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब येतात. राखी रंगाचे हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, हिमालय ओलांडून आलेले. ते पाण्यावरून उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले, तेव्हा सौ.नी माझा दंड धरला होता. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर असं क्वचित होतं. मी लगेच नवी वही घेतली.

वहीत रकाने आखले: तारीख, ठिकाण, पक्ष्याचं नाव, संख्या, शेरा. सवय कुठे जाते! आणि इथेच माझी पहिली चूक झाली. बँकेत आम्हाला शिकवलेलं असतं की प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या खात्यात गेलीच पाहिजे. दिवसअखेर ताळा जुळला पाहिजे. मी पक्ष्यांनाही तेच लावलं. दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याला नाव दिल्याशिवाय वही मिटायची नाही. तळ्यावर हे बरंचसं चालून जातं. शेकाट्या लाल पायांवरून कळतो, शराटी वाकड्या चोचीवरून कळतो, चमच्याचं तर नावच सांगतं. समुद्रावर गेलो आणि माझा ताळा बिघडला.

समुद्रावर जायचं ठरलं ते जामनगरच्या एका आप्तांमुळे. ते म्हणाले, "वढवाणा पाहिलंत ना, मग आमचं खिजडिया पाहा." रात्रीच्या गाडीनं निघालो. सौ.नी थालीपीठं आणि लसणीची चटणी बांधून घेतली होती, कारण कुठल्याही प्रवासात काठियावाडी जेवण मिळणार असलं तरी दुसऱ्या दिवशी आपल्याला आपलं लागतं.

खिजडिया जामनगरपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. त्याची रचना मला फार आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कच्छच्या आखाताला लागून असलेली ही सपाट जमीन. भरतीचं खारं पाणी आत शिरून शेतं नासायची. म्हणून १९२० च्या सुमारास नवानगर संस्थाननं तिथे लांबलचक बांध घातला. तेव्हा नवानगरचे जामसाहेब कोण होते? रणजितसिंहजी. होय, रणजी करंडकातले रणजी. बांधाच्या आतल्या बाजूला रूपारेल आणि कालिंद्री या नद्यांचं गोडं पाणी साठलं. बाहेरच्या बाजूला खाजण, चिखल, मिठागरं आणि समुद्र राहिला. शेतं वाचवायला केलेल्या कामातून पक्ष्यांची एक वसाहत उभी राहिली. २०२२ मध्ये हेही रामसर यादीत गेलं. बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताला गोड्या पाण्याची बदकं, पाणकोंबड्या, कमळपक्षी, आणि उजव्या हाताला खाऱ्या चिखलात चोची खुपसणारे समुद्री पाहुणे. मधे पंधरा-वीस फुटांची पायवाट. आपली मान मात्र दुखते.

मी तिथे एका तासात सव्वीस नावं लिहिली. त्यात एक होता काळसर राखी बगळा आणि त्याच्या शेजारी एक पांढराशुभ्र बगळा. दोन वेगळ्या नोंदी झाल्या. आमच्याबरोबर वनखात्याचा एक तरुण वाटाड्या होता. त्यानं वहीत डोकावून विचारलं, "काका, आ बे केम लख्या?" दोन का लिहिले? मी म्हटलं, एक काळा, एक पांढरा. तो हसला. दोन्ही एकच पक्षी, समुद्री बगळा. त्याच्यात काळे आणि पांढरे असे दोन्ही रंग असतात. एकाच घरात एक मुलगा सावळा, एक गोरा, तसं. मी एक नोंद खोडली. मग त्यानं चिखलाकडे बोट करून विचारलं, "अने आ चौद नंग तुतारी?" मी सगळ्या बारक्या पक्ष्यांना तुतारी लिहून टाकलं होतं. दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं, तर त्यांत निदान तीन जातींचे पक्षी होते. कुणाची चोच आखूड, कुणाची लांब, कुणाचे पाय पिवळे, कुणाचे काळे. हिवाळ्यात हे सगळे पक्षी लग्नाचे कपडे उतरवून साध्या मळक्या रंगात असतात. त्यात ऊन समोरून. वर्षानुवर्षं पाहणारी माणसंसुद्धा तिथे चाचरतात.

मी विचारलं, "मग वहीत काय लिहायचं?"

तो म्हणाला, "नथी ओळखायुं, एम लखो." ओळखलं नाही, असं लिहा.

हे माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीच्या विरुद्ध होतं. पण मग आठवलं की बँकेतही एक खातं असंच असतं. सस्पेन्स अकाउंट. आपल्या जुन्या मराठी वहीखात्यात त्याला उचंत खातं म्हणत. रक्कम आली आहे, कुणाची ते ठाऊक नाही, म्हणून तात्पुरती तिथे ठेवायची. निरीक्षक आला की आमचं पहिलं काम ते खातं रिकामं करण्याचं असायचं. मी वहीच्या मागच्या पानावर उचंत खातं उघडलं. तिथे लिहिलं: 'चिमणीएवढा, काळे पाय, आखूड चोच, सारखा पळतो, ११.' दोन महिन्यांनी पुस्तकं चाळताना कळलं की तो लिटल स्टिंट. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, आणि येतो थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून. त्या दिवशी खोटं नाव घालून ताळा जुळवला असता, तर तो मला कधीच भेटला नसता.

जाता जाता त्या वाटाड्यानं लांब पाण्यात उभा एक उंच पक्षी दाखवला. मान काळी, पण ऊन पडलं की निळी-हिरवी चमकणारी, पाय लालभडक. काळ्या मानेचा करकोचा. या पक्ष्यांची घरटी खिजडियात होतात आणि ते आता फार थोड्या ठिकाणी उरलेत. अर्धा तास तो एकाच जागी उभा होता. आमच्यातलं कुणी एकही शब्द बोललं नाही, यावर आमच्या नातेवाइकांचा अजून विश्वास नाही.

आता भरती-ओहोटीचं थोडं गणित. घाबरू नका, पाऊणकी येते त्याला जमेल.

आपण बडोदेकर खंभातच्या आखातापासून फार लांब नाही. तिथे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, तरी आपल्या दिनक्रमात भरतीला जागा नाही. किनाऱ्यावरच्या पक्ष्याचं मात्र सगळं आयुष्य तिच्यावर चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्याचं ताट वाढलेलं असतं. पाणी चढलं की ताट उचललं जातं. मग रात्र असो की दिवस, थंडी असो की ऊन, त्याला खायला मिळतं ते त्या मधल्या काही तासांतच. भरती असताना सगळे कोरड्या उंचवट्यावर दाटीवाटीनं, एका पायावर, चोच पिसांत खुपसून उभे राहतात. ती त्यांची झोपेची आणि खाल्लेलं अंगी लावायची वेळ.

कोकणातले कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. हे मुंबई-कोकणचं गणित आहे. कच्छच्या आखातात पाणी आत शिरत जाईल तशी वेळ पुढे सरकते, तेव्हा तिथे पाऊणपटीच्या भरवशावर जाऊ नका, वनखात्याला विचारा. मी विचारलं नव्हतं.

आता माझी मोठी चूक. ही गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. सौ. समोर बसल्या आहेत, त्यामुळे कमी-जास्त करण्याची सोय नाही.

जानेवारी २०२४. जामनगरहून साठेक किलोमीटरवर, वाडिनारच्या बाजूला, नरारा नावाचं बेट आहे. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. १९८० मध्ये अभयारण्य, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान, देशातलं पहिलं सागरी उद्यान. ओहोटीला पाणी मागे जातं आणि तुम्ही पोटरीभर पाण्यातून, कधी कोरड्या खडकावरून, समुद्राच्या तळावर चालत जाता. पायात जुने बूट हवेत. प्रवाळ आहे, समुद्रफुलं आहेत, फुगणारा मासा आहे, खेकडे तर पावलापावलाला. मागे वळून पाहिलं की तेलाच्या टाक्या आणि धुराडी दिसतात. दोन्ही एकाच फोटोत येतं. मी तसा फोटो काढलाही, पण दाखवावासा वाटला नाही.

मला तिथे बघायचा होता क्रॅब प्लोव्हर. पांढराशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, लांब राखी पाय आणि अंगाच्या मानानं भलतीच जाड काळी चोच, खेकडे फोडायला केलेली. किनाऱ्यावरच्या या साऱ्या पक्ष्यांत वाळूत बीळ खणून घरटं करणारा हा एकटाच. अंडं एकच, तेही पांढरं. बिळाच्या अंधारात रंग काय कामाचा? वीण होते ओमान, इराणकडच्या आणि तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यांवर, आणि मग काही पक्षी आपल्याकडे येतात.

दिसले. साधारण चाळीस पक्षी, एका वाळूच्या पट्ट्यावर, दोनशे पावलांवर. वाटाड्या मागे इतर मंडळींना समुद्रफूल दाखवत होता. सौ. म्हणाल्या, "अहो, थांबा." मी म्हटलं, "जरा जवळून." मोबाईल दुर्बिणीला लावून फोटो काढायचा होता. कुणाला पाठवायचा होता, तेही सांगतो: ज्यांनी मला पक्षी बघणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग म्हटलं होतं, त्या बँकेतल्या जुन्या मित्रांना. दोनशे पावलांची दीडशे झाली, शंभर झाली. पुढचे दोन-तीन पक्षी माना उंच करून उभे राहिले. ही सूचना असते, पण मला ती वाचता येत नव्हती. मी आणखी दहा पावलं गेलो आणि सगळा थवा उठला. चाळीस पक्षी, काळे-पांढरे पंख, माझ्या डोक्यावरून वळून लांब निघून गेले. मी फोटो काढला. सुंदर आला.

वाटाड्या धावत आला. वयानं माझ्या मुलाएवढा. रागावला नाही. म्हणाला, "काका, पक्षी पासे ना जवाय. बेसी जवाय. ए आवशे." मग पाण्याकडे हात दाखवला. पाणी वळलं होतं. त्यांच्या जेवणाचा तास-दीड तास उरला होता आणि त्यातला काही वेळ मी उडण्यात घालवायला लावला होता. तो म्हणाला, तुम्ही एकटे असता तर काही नाही, पण रविवारी पन्नास काका येतात.

गाडीत सौ. बोलल्या नाहीत. रात्री मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: 'क्रॅब प्लोव्हर, ४०'. सकाळी पाहिलं तर शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात एकच शब्द होता: 'उडवले.'

मी तो खोडला नाही. घरी आल्यावर या पक्ष्याबद्दल आणखी वाचलं. त्याचं पिल्लू उडायला लागलं तरी लगेच स्वतंत्र होत नाही. समुद्र ओलांडून आईबाप इकडे येतात तेव्हा ते बरोबर येतं आणि हिवाळ्यातही खेकड्यासाठी त्यांच्यामागे फिरत असतं. त्या चाळिसांत काही मळकट राखी पाठीचे होते, ते मी फोटोत नंतर पाहिले. ती पिल्लं होती. फोटो मित्रांना पाठवला नाही.

यानंतर दोन-अडीच महिने वही उघडली नाही. मार्चमध्ये मुलाकडे, नवी मुंबईला गेलो. त्याचं घर ऐरोलीला. सून म्हणाली, "बाबा, खाडीवर रोहित आलेत, बोटीनं दाखवतात, जाऊ या." रोहित म्हणजे फ्लेमिंगो. आपल्यातल्या निम्म्या घरांत एक रोहित असतो, पण ते पक्ष्याचंही नाव आहे हे मला साठीनंतर कळलं. आपल्या गुजरातेत त्याला सुरखाब म्हणतात. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि तेही २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं.

त्या वर्षी रंगपंचमी शनिवारी होती. फाल्गुन वद्य पंचमी. मी म्हटलं, पाचाची पाऊणपट पावणेचार, तेव्हा भरती, म्हणजे दोन-अडीचला निघू. मुलानं मोबाईलवर पाहिलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. निवृत्तीनंतर माझ्या एखाद्या गणितानं घरात एवढा मान मिळवल्याचं हे एकमेव उदाहरण.

बोट कांदळवनाच्या कडेनं हळू गेली. पाणी चढत होतं, चिखलाचा पट्टा अरुंद होत होता, आणि रोहित त्या पट्ट्याबरोबर आमच्या दिशेनं सरकत होते. हजारो. नावाड्यानं इंजिन बंद केलं. आम्ही कुठेच गेलो नाही, तेच आले. तेव्हा मला नराराच्या त्या पोराचा शब्द आठवला.

रोहित दोन प्रकारचे. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद. चोच उलटी करून पाणी गाळून खातात, म्हणजे डोकं खाली आणि वरची चोच तळाशी. गुलाबी रंग अन्नातून येतो. एखाद्या हिवाळ्यात या खाडीत त्यांची संख्या लाखाच्या वर गेलेली आहे. त्यांचं खाणं असलेलं शेवाळ शहराच्या सांडपाण्यावर फोफावतं, हे त्या देखण्या दृश्यातलं न सांगितलं जाणारं कलम आहे. भरती पूर्ण चढली की ते खाडीकाठच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात. ती तळी बुजली तर भरतीचे तास त्यांनी काढायचे कुठे? त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला एक थवा उतरत्या विमानाच्या वाटेत आला आणि तीसहून जास्त रोहित मेले. तुम्ही वाचलं असेल. आम्ही पाहिलेल्यांपैकी त्यात कोण होते, हा प्रश्न घरी सुनेनं विचारला. त्याला काय उत्तर देणार?

हे पक्षी येतात कुठून? बरेचसे आपल्याकडून. कच्छच्या मोठ्या रणात त्यांची वीण होते. कच्छचे महाराव खेंगारजी यांनी १८९३ मध्ये तिची नोंद केली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. एकाचं नाव सलीम, एकाचं हुमायून, आणि एकाचं चक्क खेंगारजी. त्यांतले पक्षी पावसाळ्यापूर्वी उडून गुजरातेत आले.

बोटीतल्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" आपल्यातल्या प्रत्येकाला हा प्रश्न ओळखीचा आहे. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं: पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत आले, मूळ गाव साताऱ्याकडे, तिथे आता आमचं काही नाही, पाच पिढ्या बडोद्यात, घरी मराठी. ते म्हणाले, "म्हणजे गुजरातीच की!" आणि बडोद्यात आमचे शेजारी म्हणतात, "तमे तो महाराष्ट्रना." सौ.नी रोहितांकडे बोट केलं आणि त्या गृहस्थांना विचारलं, "आणि हे कुठले?" ते म्हणाले, "हे आमचे, ऐरोलीचे." सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांना गप्प बसणं जमतं हे तुम्हाला आता माहीत झालं आहे.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो, कारण मागे खिरापतीचा वास येऊ लागलाय.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा नराराला गेलो. या वेळी ओहोटीची वेळ आधी विचारली. तोच वाटाड्या होता. त्यानं ओळखलं, हे त्याच्या हसण्यावरून कळलं. त्यानं दाखवलेल्या खडकावर, वाळूच्या पट्ट्यापासून चांगल्या अडीचशे पावलांवर, आम्ही दोघं बसलो. मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली. एक तास काहीच नाही. पाठ भरून आली. लांब दोन कुरव आणि एक सुरय, बस्स. मग पाणी वळलं. ते चढू लागलं तसे पक्षी पुढच्या उघड्या भागातून मागे, आमच्या बाजूला सरकू लागले. क्रॅब प्लोव्हर किती, सांगू? सात. चाळीस नाहीत. मागच्या वेळचे चाळीस कुठे होते कुणास ठाऊक. सातांतले दोन राखी पाठीचे.

एका मोठ्यानं खेकडा पकडला, आपटला, पाय तोडले. एक पिल्लू मान खाली घालून त्याच्यामागे धावत होतं. सौ. हळूच म्हणाल्या, "ऐकलंत? किती केविलवाणं मागतंय." मला काही ऐकू आलं नाही. मी कान दिला, हाताचा द्रोण केला, तरी नाही. त्यांना बारीक शिट्टीसारखा आवाज स्पष्ट येत होता. वय वाढलं की बारीक, उंच आवाज आधी जातात, हे मी ऐकून होतो. आपले गेलेत, हे मला त्या खडकावर कळलं. बडोद्याला आल्यावर कानाची तपासणी केली, आणि आता हे यंत्र लावलंय. पहिल्या रांगेतल्या मित्रांनी यापुढे मागे काही बोलताना जपून बोलावं.

त्या दिवशी मी वही सौ.च्या हातात दिली. तेव्हापासून नोंदी त्याच करतात. मी दिसलेलं सांगतो, त्या ऐकलेलं लिहितात. आणि उचंत खात्यात या घडीला एकोणीस नोंदी आहेत. त्यांतल्या चार-पाच कधीच सुटणार नाहीत. निरीक्षक आला तरी मी त्या तशाच दाखवीन.

आता थोडं कामाचं. आपण इथे मोदक खातोय तेव्हा किनाऱ्यावर पाहुणे यायला सुरुवातही झाली आहे. ते ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच येऊ लागतात. आपल्या वढवाण्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी भर असतो. तेव्हा ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला मंडळाच्या दारातून गाड्या निघतील. नावं चिटणीसांकडे द्या. पांढरे आणि भडक कपडे नकोत, स्पीकर लावून गाणी नकोत, नातवंडं जरूर आणा. त्यांचे कान आणि डोळे आपल्यापेक्षा चांगले आहेत. दुर्बिणी चार आहेत, आळीपाळीनं पुरतील. 'सलीम अली' आणि 'चितमपल्ली' या दोन्ही नावांची पुस्तकं वाचनालयात आहेत, पहिल्याची इंग्रजी प्रत जरा फाटली आहे, सांभाळून हाताळा. थालीपीठं आमच्याकडून. नराराची सहल जानेवारीत करू, पण तिथे एका वेळी आठ-दहा माणसांच्या वर नेणार नाही, आणि मी सांगेन तिथेच बसावं लागेल.

 गणपती बाप्पा मोरया!